गर्भाशयाचा वापसा

मराठीत गर्भ 'होत' नाही, 'राहतो'. 'तिला दिवस राहिले', 'दोनदा राहिला पण टिकला नाही' असं आपण पिढ्यानपिढ्या बोलत आलो. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत मात्र सगळा भर शुक्राणू आणि स्त्रीबीज यांच्या भेटीवर असतो. ती भेट झाली की काम फत्ते, पुढचं पान बाळाचं. इथे बोलीभाषा पुस्तकापेक्षा अचूक आहे. बीज फळतं एका दिवशी, आणि गर्भ राहतो तो त्यानंतर साधारण आठवड्याने, गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो तेव्हा. या मधल्या आठवड्यात आणि रुजण्याच्या चार-पाच दिवसांत कितीतरी गर्भ वाहून जातात. पाळी येते, कोणाला काही कळतही नाही.

'रुजणं' म्हटलं की डोळ्यांसमोर शेत येतं. सुश्रुतांनीही गर्भधारणेला ऋतू, क्षेत्र, अंबू (पाणी) आणि बीज या चार गोष्टी लागतात असं सांगताना अंकुराचाच दाखला दिला होता. उपमा सुरेख आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमजही होतो. जमीन सुपीक असली की बी रुजणारच, नाही रुजलं तर जमिनीत खोट, असं वाटू लागतं. 'पिशवी कमजोर आहे', 'पिशवी धरत नाही' ही बायकांना ऐकवली जाणारी वाक्यं त्याच समजुतीतून आलेली. प्रत्यक्षात गर्भाशयाचं अस्तर ही शरीरातली सर्वांत नाठाळ जमीन आहे, आणि तिने तसं असणंच गरजेचं आहे. ते कसं, हे समजायला आधी बीजाचा पहिला आठवडा पाहू.

अंडाशयातून सुटलेल्या स्त्रीबीजाची शुक्राणूशी गाठ पडते ती गर्भनलिकेत, म्हणजे बोलीत आपण जिला 'नळी' म्हणतो तिच्या रुंद भागात. फळलेल्या बीजाच्या एकाच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. गंमत अशी, की या काळात एकूण आकार वाढत नाही. वडिलोपार्जित वावराच्या वाटण्या व्हाव्यात तशा त्याच जागेत वाटण्या पडत जातात. चौथ्या दिवसाच्या सुमारास हा गोळा नळीतून गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवशी त्याच्या आत पाणी भरून पोकळी तयार होते. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर बीज फळवण्याच्या दवाखान्यात 'डे फाइव्ह एम्ब्रियो' म्हणतात तो हाच. आकार जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर. एका मोहरीच्या दाण्याच्या रुंदीत असे दहा सहज मावतील.

या चिमुकल्या फुग्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. आत एका बाजूला चिकटलेला छोटा पुंजका, त्यापासून पुढे बाळ घडतं. आणि बाहेरचा एकपदरी थर, त्यापासून वार (प्लासेंटा) घडते. अस्तराला जाऊन भिडतो तो हा बाहेरचा थर. म्हणजे नेमकं बोलायचं तर आधी रुजते ती वार. बाळाचा पुंजका त्या वेळी आत निवांत असतो, त्याचा देह घडायला अजून सुरुवातही व्हायची असते.

सुरुवातीचे पाच-सहा दिवस या सगळ्याभोवती एक पारदर्शक कवच असतं. ते असतं म्हणून वाटेत गर्भ नळीला चिकटत नाही. गर्भाशयात पोचल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशी, कवचाला भेग पडते आणि अंड्यातून पिल्लू निघावं तसा गर्भ बाहेर सरकतो. नळीला सूज किंवा इजा असली आणि गर्भ तिथेच रेंगाळला, तर कवच नळीतच फुटतं आणि गर्भ तिथेच रुजायला लागतो. साधारण शंभर गर्भधारणांत एक-दोन अशा भलत्या जागी होतात, आणि त्यांतल्या बहुतेक नळीत. पातळ नळीला तो वाढता गर्भ सोसत नाही. ती फुटली तर आईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोराचं दुखलं किंवा चक्कर आली, तर 'बघू उद्या' करायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

नळीत गर्भ रुजू शकतो, यातच एक कोडं दडलेलं आहे. नळी काही गर्भासाठी तयार केलेली जागा नाही. मग तिथे कसा रुजला? विसाव्या शतकाच्या मध्यावर काही शास्त्रज्ञांनी उंदरांचे गर्भ भलभलत्या जागी ठेवून पाहिले. डोळ्याच्या पुढच्या पोकळीत ठेवले, मूत्रपिंडाच्या आवरणाखाली ठेवले, अगदी नराच्या वृषणातही ठेवले. तिथे गर्भाच्या बाहेरच्या पेशी बिनदिक्कत आजूबाजूच्या मांसात शिरल्या. ना पाळीचं चक्र, ना गर्भाशय, तरी शिरल्या. गर्भाच्या अंगात मुळातच घुसखोरी आहे. त्याला दार लागतं ते फक्त एका ठिकाणी, गर्भाशयात. तिथे ठरावीक दिवस सोडले तर तो चिकटूच शकत नाही.

तेव्हा प्रश्न उलटा विचारायला हवा. गर्भाशय गर्भाला कसं धरतं, यापेक्षा एरवी त्याला कसं अडवतं, आणि कधी आत घेतं?

एरवी अडवायला अस्तराचा वरचा पेशींचा थर पुरेसा असतो. त्याच्यावर साखरयुक्त प्रथिनांचा बुळबुळीत लेप असतो. तेल लावलेल्या ताटावर काही चिकटत नाही, तसंच. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे अस्तर जाड होतं. पण जाड होणं म्हणजे तयार होणं नव्हे. भरपूर पाऊस पडलेल्या काळ्या रानात लगेच पाभर घातली तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. चिखलात पेरणी होत नाही, आणि रान वाळून टणक झाल्यावरही होत नाही. मधे काही दिवस असे येतात की माती ओली असते पण भुसभुशीत, हाताला लागत नाही. त्याला वापसा म्हणतात. गर्भाशयालाही वापसा येतो.

तो आणणारं मुख्य द्रव्य प्रोजेस्टेरॉन. स्त्रीबीज सुटून गेल्यावर अंडाशयात त्याच्या रिकाम्या जागी एक पिवळसर गाठ तयार होते, तिला पीतपिंड म्हणतात. जर्मनीत लुडविग फ्रँकेल यांनी सशांवर प्रयोग करून १९०३ साली दाखवलं, की पीतपिंड काढून टाकला तर गर्भ रुजत नाही. त्यातून झिरपणारं द्रव्य म्हणजे प्रोजेस्टेरॉन हे कळायला पुढे तीसेक वर्षं गेली. बीज सुटल्यावर पाच-सहा दिवस प्रोजेस्टेरॉन मिळालं की अस्तराचा लेप पातळ होतो, पेशींच्या पृष्ठभागावर चिकटण्याची प्रथिनं उगवतात, ग्रंथी पोषक रस पाझरू लागतात. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत हा काळ साधारण २० ते २४ व्या दिवसांत पडतो. त्यानंतर दार पुन्हा बंद.

या काळात ग्रंथींतून पाझरणाऱ्या द्रव्यांपैकी एकाचं नाव एलआयएफ. १९९२ मध्ये कॉलिन स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी एलआयएफ बनवू न शकणाऱ्या उंदीर-माद्या तयार केल्या. त्यांच्या पोटात गर्भ तयार व्हायचे, गर्भाशयात पोचायचे आणि तसेच तरंगत राहायचे. तेच गर्भ दुसऱ्या, साध्या मादीच्या गर्भाशयात ठेवले की रुजायचे. बी चांगलं होतं, रानाला वापसाच नव्हता.

माणसाबद्दल हे सगळं कळलं कसं, ही वेगळीच कथा आहे. रुजण्याच्या वेळी आईला स्वतःलाच पत्ता नसतो, मग शास्त्रज्ञ कुठे पाहणार? अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका रुग्णालयात आर्थर हर्टिग आणि जॉन रॉक यांनी १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षं एक काम चिकाटीने केलं. ज्या स्त्रियांचं गर्भाशय वैद्यकीय कारणाने काढायचं ठरलेलंच होतं, त्यांना पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा लिहून ठेवायला सांगितलं, आणि शस्त्रक्रिया बीज सुटल्यानंतरच्या दिवसांत घेतली. काढलेल्या गर्भाशयात भिंग लावून शोध. २१० स्त्रियांमध्ये ३४ गर्भ सापडले, पहिल्या सतरा दिवसांच्या आतले. आज अशा अभ्यासाला कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण पाठ्यपुस्तकांत रुजण्याच्या ज्या पायऱ्या छापल्या जातात, त्या बऱ्याच अंशी त्या ३४ गर्भांवरून रेखाटलेल्या आहेत. त्या बायकांची नावं कुठे छापलेली नाहीत.

आणखी एक गोष्ट तिथे दिसली. सापडलेल्यांपैकी बरेच गर्भ सदोष होते. ते पुढे टिकले नसतेच.

आता प्रत्यक्ष रुजणं. गर्भाशयाची पोकळी चित्रात दाखवतात तशी रिकामी खोली नसते. घडीच्या पोळीचे पदर असतात तशा तिच्या दोन भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यांच्या मधे गर्भ सापडतो आणि बहुतेक वेळा वरच्या भागात, मागच्या किंवा पुढच्या भिंतीला टेकतो. आधी नुसता टेकतो, निसटूही शकतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहता वाहता सुजलेल्या जागेपाशी रेंगाळतात, त्यासाठी त्यांच्या अंगावर एक पकड असते, एल-सिलेक्टिन नावाची. तीच पकड गर्भाच्या बाहेरच्या थरावरही असते, हे २००३ साली दिसलं. निसर्गाने जुनंच हत्यार दुसऱ्या कामाला लावलं.

पकड घट्ट झाली की बाहेरच्या थरातल्या पेशी एक विलक्षण गोष्ट करतात. मधल्या भिंती पाडून चार खोल्यांचं एक दालन करावं तशा त्या एकमेकींत विरघळतात आणि कितीतरी केंद्रकं असलेला एकच सलग पदर तयार होतो. हा पदर अस्तराच्या पेशींमधून वाट काढत आत घुसतो. पेशी जोडण्याचं हे काम जे प्रथिन करतं, त्याचा जनुक मुळात आपला नाहीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना झालेल्या एका विषाणूच्या संसर्गातून तो आपल्या जनुकांत आला आणि राहिला. २००० साली हे उघड झालं तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला होता. विषाणूला पेशीत शिरायला जे हत्यार लागायचं, त्याच्यावर आज प्रत्येक माणसाची वार उभी आहे.

बीज फळल्यापासून दहा-बारा दिवसांत गर्भ पूर्णपणे अस्तराच्या आत जातो आणि वरची जखम भरून येते. अजून आईचं रक्त त्याच्यापर्यंत धड पोचत नसतं. पहिले अडीच महिने रक्तवाहिन्यांची तोंडं गर्भाच्याच पेशींनी बुचं मारावीत तशी बरीचशी बंद ठेवलेली असतात आणि पोषण मुख्यतः ग्रंथींच्या रसावर होतं.

खेड्यात वाढलेल्यांनी गाय व्यालेली पाहिली असेल, वार पडायची वाट पाहत बसलेले घरचे पाहिले असतील. गाईचा गर्भ असा घुसत नाही. पहिले जवळजवळ तीन आठवडे तो गर्भाशयात मोकळाच असतो, लांब दोऱ्यासारखा होतो, आणि मग ठरावीक बटणांपाशी भिंतीला नुसता जुळतो. अस्वलाच्या मादीत तर गर्भ उन्हाळ्यात तयार होतो आणि काही महिने तसाच थांबून हिवाळ्याच्या तोंडावर रुजतो. माणसाचा गर्भ मात्र भिंत फोडून थेट आत शिरतो.

इतका आक्रमक पाहुणा घरात येणार म्हटल्यावर यजमानानेही तयारी ठेवायला हवी. अस्तराच्या खालच्या थरातल्या लांबट पेशी प्रोजेस्टेरॉनमुळे गोल, गुबगुबीत होतात, साखर साठवतात आणि गर्भाभोवती एक गादी तयार करतात. ही गादी गर्भाला पोसते आणि आवरतेही. ती नसली तर काय होतं, याचा पुरावा सिझेरियनच्या जुन्या व्रणावर मिळतो. व्रणाच्या जागी ही गादी नीट तयार होत नाही. वार तिथे रुजली तर ती स्नायूत खोलवर शिरू शकते आणि बाळंतपणात सुटता सुटत नाही. विनाकारण सिझेरियन टाळावं असं डॉक्टर म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे.

ज्या प्राण्यांत अशी गादी बनते, त्यांतल्या बहुतेकांत ती गर्भ आल्याची खूण मिळाल्यावरच तयार होते. माणसात ती दर महिन्याला होते, गर्भ असो वा नसो. गर्भ नाही आला तर ठेवता येत नाही, म्हणून ती गळून जाते. तीच पाळी. माणूस, काही माकडं, काही वटवाघळं आणि अगदी अलीकडे कळलेला एक काटेरी उंदीर, असे मोजकेच प्राणी पाळीच्या फेऱ्यात आहेत.

पण गर्भ यायच्या आधीच गादी तयार ठेवायची कशासाठी? एक पटणारं उत्तर असं, की तिच्याकडे पारखण्याचं काम आहे. माणसाच्या गर्भांत गुणसूत्रांचे घोटाळे फार असतात. सुरुवातीच्या काळात पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत ते सापडतात. नऊ महिन्यांची गुंतवणूक करण्याआधी तपासणी झालेली बरी. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी या गादीच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांच्याजवळ चांगले आणि कमअस्सल गर्भ ठेवले. ज्यांना नेहमीसारखी मुलं झाली होती त्या स्त्रियांच्या पेशी चांगल्या गर्भाकडे सरकल्या, कमअस्सल गर्भाकडे सरकल्या नाहीत. ज्यांचे गर्भ वारंवार पडत होते, त्यांच्या पेशी दोन्हींकडे सारख्याच सरकल्या. अभ्यास छोटा होता आणि भांड्यातला होता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी त्यातून निघणारा अर्थ विचार करायला लावतो. काही स्त्रियांचा गर्भ वारंवार पडतो तो पिशवी धरत नाही म्हणून नसेल. ती नको त्यालाही धरत असेल, आणि जो निकाल पाळीआधीच लागायचा तो दोन महिन्यांनी लागत असेल.

गर्भालाही आपण आल्याची वर्दी द्यावी लागते. पीतपिंडाचं आयुष्य एरवी दोन आठवड्यांचं. तो सुकला की प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि पाळी येते. रुजता रुजता गर्भाचा बाहेरचा थर एचसीजी नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात सोडतो, आणि त्या जोरावर पीतपिंड तग धरतो. आशाताई घरी आणून देतात त्या 'निश्चय' किटवर दुसरी रेष उमटते ती याच एचसीजीमुळे. आयव्हीएफवाले ज्या 'बीटा रिपोर्ट'साठी देव पाण्यात घालून बसतात, तोही याचाच.

अमेरिकेत उत्तर कॅरोलायनात २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीत एचसीजी मोजलं गेलं. १९८८ साली आलेल्या निष्कर्षानुसार, रुजायला सुरुवात झालेल्या गर्भांपैकी २२ टक्के कोणाच्या लक्षात यायच्या आधीच गेले होते. त्याच माहितीवरून १९९९ मध्ये ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी वेळेचा हिशेब मांडला. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के बीज सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत लवकर जाण्याचं प्रमाण १३ टक्के, अकराव्या दिवशी रुजलेल्यांत ५२ टक्के, त्यानंतर ८२ टक्के. वापसा गेल्यावर पेरलेलं उगवतं, पण टिकत नाही.

यातून एक साधी व्यवहाराची गोष्ट निघते. पाळीच्या तारखेच्या चार दिवस आधी किट वापरून एकच रेष आली म्हणून रडू नये, गर्भ कदाचित आदल्या दिवशीच टेकला असेल. चाचणी पाळी चुकल्यावर करावी, गरज पडली तर दोन दिवसांनी पुन्हा.

आईची प्रतिकारशक्ती हा निम्मा परका गर्भ कसा सोसते, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही. एवढं कळलंय, की गादीत 'मारक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि त्या तिथे मारत नाहीत. उलट रक्तवाहिन्या रुंद करायला हातभार लावतात. हे काम अर्धवट राहिलं तर पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. सातव्या-आठव्या महिन्यातल्या त्रासाचं बी कधी कधी असं पहिल्या काही आठवड्यांतच पडलेलं असतं.

आयव्हीएफमध्ये गर्भ आत सोडल्यावर बायकांना महिनाभर अंथरुणावर खिळवून ठेवायची पद्धत होती. काही घरांत अजून आहे, जिना चढू नको, पपई खाऊ नको. झोपून राहण्याचा रुजण्याला फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. दोन टेकलेल्या भिंतींमधून चालण्याने गर्भ खाली पडत नाही. अस्तर मुद्दाम खरवडलं तर गर्भ जास्त रुजतात, असंही काही वर्षं जोरात चाललं होतं. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल आला. खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या, दोन्ही गटांत बाळ होण्याचं प्रमाण तंतोतंत २६.१ टक्के.

वापशाचं महत्त्व भारतात एका माणसाने फार लवकर ओळखलं होतं. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी स्त्रीबीजं मिळवायला औषधं दिली खरी, पण औषधांनी ढवळून निघालेल्या त्याच महिन्यात गर्भ आत ठेवायचं टाळलं. आठ पेशींचा गर्भ त्यांनी गोठवून ५३ दिवस ठेवला, आणि अस्तर आपल्या चालीवर आल्यावर, पुढच्या एका साध्या चक्रात आत सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ ला मुलगी जन्मली, जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ इंग्लंडमध्ये जन्मल्यानंतर ७० दिवसांनी. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून मुलगी जन्मली आणि भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिची नोंद झाली. पुढे आनंद कुमार यांच्या हाती मुखर्जींच्या वह्या आल्या. त्यांनी त्या वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की पहिलेपणाचा मान आपला नाही, मुखर्जींचा आहे. तोवर मुखर्जी जाऊन सोळा वर्षं झाली होती. आता गर्भ गोठवून पुढच्या चक्राची वाट पाहणं ही आयव्हीएफच्या दवाखान्यांतली रोजची रीत झाली आहे.